मांजरा सिंफनीचा पहिला प्रयोग

१६ नोव्हेंबर
मोबाइलवर इंग्लंडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्या साहेबाची फिल्म पाहिली. हयातभर कांडी हलवून फक्त स्वतःच्या देशाचं संगीत वाजवून घेतलं. लोक हसले, हॉल रिकामे राहिले, गडी हटला नाही. शेवटी राणीनं 'सर' केलं.
निर्णय झाला. यंदाच्या लग्नसराईत आमचा बँड फक्त मराठवाड्याचं संगीत वाजवणार. सिनेमाची गाणी बंद म्हणजे बंद. वडिलांनंतर मास्टर मी आहे.
शिवगंगेला सांगितलं. ती म्हणाली, आधी गॅस संपलाय ते बघा. थोर माणसांच्या बायका अशाच असतात.

१८ नोव्हेंबर
बँडला सांगितलं. चांदपाशा, आमचा क्लॅरिनेटवाला, वडिलांच्या वेळचा. म्हणाला, मास्टर, पब्लिक नाचायला येतंय, शिकायला न्हाई.
व्हिजन नाही. माफ केलं.

२१ नोव्हेंबर
'मांजरा सिंफनी' तयार! आधी माहूरच्या देवीचा गोंधळ, मग जात्यावरच्या ओव्या, मग दुष्काळ, शेवटी मांजरा नदीला पूर. दुष्काळ वाजवायचा कसा, इथे अडलो होतो. सुचलं तेव्हा अंगावर काटा आला. वाजवायचाच नाही! दोन मिनिटं चिडीचूप.

२५ नोव्हेंबर
साहेबाला एका जागी उभं राहता येतं. आपला बँड चालता. त्याच्याकडे तोंड करायचं तर उलटं चालणं आलं. गच्चीवर प्रॅक्टिस केली. पाण्याची टाकी चुकीच्या जागी बसवली आहे.

२ डिसेंबर, चाकूर
भगवानरावांच्या मुलाचं लग्न. परण्या निघाला. नवरदेव घोड्यावर, मारुतीच्या दर्शनाला. पुढे बँड, बँडपुढे उलटा मी. गोंधळाला म्हाताऱ्यांनी हात जोडले. ओव्या बऱ्या झाल्या. मग कांडी खाली. दुष्काळ.
परण्या जागीच थांबला. एकानं टोपी काढली. ते पाहून सगळेच माना खाली घालून उभे. मला भरून आलं. एवढा मान साहेबालाही मिळाला नसेल.
मागे कुणीतरी विचारलं म्हणे, कोण गेलं? प्रश्न शेवटच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर नवरदेवाची आजीच गेली होती. त्याच्या आत्या रुक्मिणबाईंनी रस्त्यातच बसकण मारून हंबरडा फोडला. पूर आणायला मी कांडी उचलली, तर भगवानरावांनी ती हिसकून मोडली. म्हणाले, चांगल्या कार्यात बँड बंद पाडायलास, अक्कल हाय का न्हाई?
तेवढ्यात चांदपाशानं सिनेमातलं गाणं धरलं. सगळे नाचले. गेलेली आजीसुद्धा नाचली.
सुधारणा: दुष्काळ एक मिनिटाचा करावा.

५ डिसेंबर
दोन लग्नवाल्यांनी आम्हाला रद्द केलं. चाकूरहून बोभाटा झाला. चांदपाशा घरी आला. चहा घेतला नाही. म्हणाला, समद्यांचं ठरलंय, आम्ही आता वेगळं वाजवू, तुम्ही वाईट वाटून घिऊ नका.
का नाही घ्यायचं? याच माणसाच्या खांद्यावर बसून मी लहानपणी वराती पाहिल्या. फार लागलं. वाद्यं ज्याची त्यानं नेली. माझ्याकडे मास्टरचा कोट राहिला आणि नवी कांडी.

९ डिसेंबर
परत येतील. मास्टरशिवाय बँड म्हणजे नुसता गोंगाट. मी फोन करणार नाही. रेंज नीट येते म्हणून दिवसभर खिडकीत बसतो.
शिवगंगा म्हणते, कोट तरी काढा.

१४ डिसेंबर
सकाळी आपल्याच रोडनं वरात आली. त्यांचाच बँड. घराजवळून नेली म्हणजे मला बोलावणंच म्हणायचं. अभिमान सोडला. कोटाची बटणं लावत खाली पळालो, बँडपुढे उभा राहिलो, कांडी वर केली आणि उलटा चालू लागलो.
चांदपाशानं माझ्याकडे पाहिलं. क्लॅरिनेट तोंडातून काढलं. बँड थांबला. सगळे माझ्याकडे बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदा अख्खा बँड माझ्या हाताकडे बघतोय असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं.
चांदपाशा हळूच म्हणाला, मास्टर, बाजूला व्हा. घोडं बुजायलंय.
झालो.