सतरा नंबरच्या टेबलाची मॅनेजर

रविवार, ३ नोव्हेंबर २०१९

युम्ना, तू दिलेली वही आज उघडली. तेता, माझी आजी ना तू, तिकडे रोज चार ओळी लिही, माझं बाळ मोठं झालं की त्याला वाचून दाखवू, असं मी निघताना तू म्हणालीस. चार ओळींत माझं काय होणार? साक्षरतेच्या वर्गातल्या बाईसुद्धा म्हणायच्या, हाज्जा इन्शिराहला अक्षरं कमी येतात आणि वाक्यं जास्त.

तर पोचले आखातात. नग्वाआत्या आणि जावईबापू न्यायला आले होते. वगदीने नवा चष्मा केलाय. त्यात तो विद्वान दिसतो, तोंड उघडेपर्यंत. गाडीत त्याने सगळं पुन्हा समजावलं, जणू मला पहिल्या वेळी कळलंच नव्हतं. तो दुसऱ्याच्या नोकरीत, म्हणून कंपनीचा परवाना त्याच्या नावावर निघत नाही. नग्वा शाळेत शिकवते, तिचंही तेच. म्हणून संगमरवराची कंपनी माझ्या नावावर. इथला भागीदार लागत नाही, मालक शंभर टक्के परदेशी चालतो, आणि तो परदेशी म्हणजे मी. मॅनेजरही मीच. चाळीस वर्षं मासे साफ केले, आता सदुसष्टाव्या वर्षी खुर्ची. बाजारातल्या उम्म सय्यदला हे जरूर सांग आणि तिचं तोंड कसं झालं ते मला कळव.

अठरा दिवसांचं काम आहे. एकवीस तारखेचं परतीचं तिकीट. तुझं बाळ येणार त्यानंतर. सातव्या दिवशी, नाव ठेवताना, बाळाच्या कानाशी पितळी खल मीच वाजवणार. तुझ्या सासूच्या हाती देऊ नकोस. ती पोलीस दार ठोठावतात तसा वाजवते.

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज फ्री झोन बघितला, कंपनीचा परवाना देणारी ती बिनजकातीची वसाहत. बडा घर पोकळ वासा. चहूकडे वाळू, मध्ये एक काचेची इमारत आणि तिच्या सावलीत एक बकरी. सगळ्यांत स्वस्त झोन, असं वगदी छाती फुगवून सांगत होता. दिसतंच आहे म्हटलं.

आमच्या पोर्ट सईदला फ्री झोन झाला तेव्हा माल होता, माल. कापड, साबण, रेडिओ. मी तीन झगे एकावर एक घालून जकातीच्या फाटकातून बाहेर पडायचे. शिपाई म्हणायचा, बाई, सकाळी आत गेलीस तेव्हा बारीक होतीस. मी म्हणायचे, सासरचं अन्न मानवलं. इथे एक गाठोडं नाही. नुसते कागद. एका दिवाणखान्यात चाळीस टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर कागदोपत्री साठ-साठ कंपन्या राहतात. आमच्या गल्लीत एका खोलीत अकरा माणसं राहायची, पण ती निदान खोकायची तरी.

माझं टेबल सतरा नंबरचं. फायलींचं सगळं सुहैर नावाची मुलगी बघते. नखं एवढी लांब की तिला एक बोयमासा साफ करायला दिला तर रमजान उजाडेल. ती म्हणाली, मॅनेजरचं कार्ड हातात येईपर्यंत रोज येऊन बसा हाज्जा, तपासनीस आला तर मॅनेजर टेबलाशी दिसला पाहिजे.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आणखी एक मॅनेजर बसते. फिक्रिया शल्बी, आपल्याकडच्या तांता गावची. माझ्याच वयाची, तपकिरी कपडे, हातात क्रोशाची सुई. उच्चार असे की प्रत्येक शब्दाला शेताची माती. सहा वर्षं बसते म्हणे. मी विचारलं, का गं, घरी कोणी नाही वाट बघणारं? म्हणाली, आहेत ना, माझ्या जागी बदली बाई मिळाली की जाईन. मग तिने खणातून तांताची तिळाची मिठाई काढून पुढे केली. दगड. तांताची माणसं याला मिठाई म्हणतात.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आज अंगठ्याचा ठसा. मोठी गंमत झाली.

तुला माहीत आहे माझे हात. खवले, मीठ आणि ब्लीचने चाळीस वर्षांत अंगठ्यावरच्या रेषा धुऊन नेल्यात. मशीन काही घेईना. सुहैरने क्रीम चोळलं, पुसलं, परत दाबलं. म्हणाली, हाज्जा, तुमचा अंगठा आहे की साबणाची वडी? मी म्हटलं, तो अंगठा झिजला म्हणून माझी तीन पोरं शिकली, तुझ्या नखांनी काय केलं ते सांग.

मशीन टेबलावरच होतं. फिक्रियाही तिच्या कसल्याशा नूतनीकरणासाठी अंगठा देऊन बसली होती. दहाव्या खेपेला मशीन एकदाचं वाजलं, आणि पडद्यावर माझ्या फोटोखाली नाव आलं फिक्रिया शल्बी. तिच्या फोटोखाली माझं. सुहैर म्हणाली, सिस्टीम अडकली, नव्याने करायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, दहा दिवस. नाहीतर आता हो म्हणते, दुरुस्ती मागाहून करू.

दहा दिवस रांगेचे, वर कार्डाचा आठवडा, म्हणजे तिकीट बुडणार. मी म्हटलं, दाब बाई, नावाचं काय घेऊन बसलीस.

फिक्रियाने तोंड उघडलं, जणू काही सांगणार. मग मिटलं. क्रोशाचं काम गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. सहा वर्षांत तो रुमाल पुरा झाला नव्हता म्हणे. आळशी मेली.

रविवार, १० नोव्हेंबर

फिक्रिया आज आली नाही. बरं झालं. टेबल माझ्या एकटीचं.

पण सुहैरने कॉफी आणली ती बिनसाखरेची. मी मध्यम गोड घेते हे तिला पाच दिवसांत कळू नये? तर म्हणते, तुम्ही कायम बिनसाखरेचीच घेता की. या मुलीच्या डोक्यात काही ठरत नाही.

फिक्रियाच्या खणात चष्मा सापडला. माझा घरी राहिला होता म्हणून लावून बघितला. अगदी बेतून केल्यासारखा बसला. तो लावूनच लिहिते आहे. अक्षर बारीक येतंय ना आज?

बुधवार, १३ नोव्हेंबर

कार्ड आलं. फोटो माझा, नाव फिक्रियाचं. सुहैरला म्हटलं, आता कर दुरुस्ती. ती म्हणाली, कसली दुरुस्ती, हाज्जा फिक्रिया?

मी म्हटलं, थट्टा माझ्या वयाच्या बाईशी करायची नाही. फिक्रियाला बोलव. तिने बाजूच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. तो म्हणाला, फिक्रिया तुम्हीच की, सहा वर्षं बघतोय. वर मला विचारतो, रुमाल कुठवर आला?

उंटावरचे शहाणे सगळे. वगदीला सांगितलं. तो म्हणाला, सासूबाई, झोनची माणसं अशीच, मी फोन करतो. याचा फोन म्हणजे समुद्रात थुंकणं.

रविवार, १७ नोव्हेंबर

नग्वा सकाळी माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, अम्मा, तू सुरमा बदललास का, डोळे निराळे दिसतात. मी म्हटलं, डोळे तुझे तपास.

नंतर न्हाणीघरात कार्डावरचा फोटो आरशाजवळ धरला. फोटोतल्या बाईची हनुवटी अरुंद आहे. परवा नव्हती. आरशातलीचीही —

काही नाही. इथलं पाणी खारट. माणूस वाळतं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

कार्डासाठी झोनने ठेवून घेतलेला पासपोर्ट परत घ्यायला खिडकीवर गेले. खिडकीतला म्हणाला, तो पासपोर्ट हाज्जा इन्शिराह कालच घेऊन गेल्या. अंगठा देऊन. ठसा कसा स्वच्छ उमटला, एकेक रेष मोजून घ्यावी.

मी म्हटलं, गाढवा, माझ्या अंगठ्यावर रेषाच नाहीत. त्याने माझा अंगठा मशीनवर ठेवला. मशीन एकदम वाजलं. फिक्रिया शल्बी.

भरदुपारी घरी आले. दार नग्वाने उघडलं, अर्धंच. म्हणाली, मावशी, कोणाचं घर हवंय?

मी तिची आई आहे म्हणाले. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं हळू म्हणाली की बसा जिन्यात, पाणी आणते. तिच्यामागे सोफ्यावर माझी हिरवी शाल. आणि आतून कोणीतरी विचारलं, नग्वा, कोण आहे गं? ते विचारणं माझं होतं. माझा आवाज, माझा हेल, पोर्ट सईदचा. त्या तांताच्या बाईने सहा वर्षांत एक रुमाल पुरा केला नाही, आणि मला दोन आठवड्यांत —

वगदी खाली भेटला. त्याला हात धरून सांगितलं. तो माझ्या तळहातावर नाणं ठेवून गेला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आज माझं विमान. गेलं. वाळूतून वर जाताना इथल्या काचेतून दिसलं.

जायला दुसरी जागा नव्हती म्हणून परत झोनमध्ये आले, बायकांच्या नमाजाच्या खोलीत राहते. सुहैर म्हणाली, कायम तिथेच तर राहता, हाज्जा फिक्रिया. तिथे माझ्या मापाची चप्पल होती.

पुढच्या फाटकातून जाऊन पाहिलं. परवापर्यंत सोडणारा शिपाई आता कार्ड बघतो आणि म्हणतो, परवाना चालू आहे तोवर मॅनेजरने झोन सोडायचा नाही, बदली माणूस आणा. तीन झगे घालून जकात फसवणारी बाई मी. हे फाटक मला —

रविवार, २४ नोव्हेंबर

मिठाई खाल्ली. दगड नाही. बरी आहे. बिनसाखरेच्या कॉफीबरोबर चांगली लागते.

हे मी का लिहिलं? मला ती आवडत नाही. युम्ना, मला ती आवडत नाही. मी मध्यम गोड घेते. मी इन्शिराह. मी मध्यम गोड घेते.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सुहैरच्या फोनवरून तुला फोन केला. तुझा नंबर अजून पाठ आहे. तू उचललास. मागे माणसंच माणसं. आणि माझा खल. पितळी, माझ्या आजीचा. माझ्यासारखाच वाजत होता, तीन ठोके, थांबा, तीन ठोके.

मी म्हटलं, युम्ना, मी तेता. तू म्हणालीस, कोण बोलतंय? तेता इथे आहे, बाळ तिच्या मांडीवर आहे. मुलगी झाली. नावाच्या चार मेणबत्त्या लावल्या होत्या, इन्शिराहची सर्वांत शेवटपर्यंत जळली, तेच नाव ठेवलं. मग म्हणालीस, मावशी, तुमचा उच्चार तांताचा वाटतो. तेताच्या ओळखीच्या का?

तिचा अंगठा बघ हे सांगायचं होतं. तिच्या अंगठ्यावर रेषा आहेत. पण तू ठेवलास. आणि आता माझ्याही अंगठ्यावर —

बारीक आहेत. पण आहेत.

रविवार, १ डिसेंबर

समोरच्या खुर्चीवर नवी मॅनेजर. हाज्जा निमात. इस्माईलियाची, मुलाच्या कंपनीसाठी आली. आनंदाने नुसती फुगलीये. बोलणं थांबत नाही. माझ्या क्रोशाकडे बघून नाक मुरडलं. मिठाईला दगड म्हणाली. इस्माईलियाच्या लोकांना आंब्यापलीकडे काय कळतं.

आयुष्यभर धुणी धुतली म्हणते. अंगठा मशीन घेत नाही. सुहैरने माझाही अंगठा मागितला, नूतनीकरणासाठी. दिला.

हिचं परतीचं तिकीट मंगळवार, सतरा तारखेचं. हिच्या नावाने गेले की इस्माईलियाहून पोर्ट सईद, बसने तासाभरात. तू मला ओळखणार नाहीस. चालेल. दारातून एकदा बाळाला बघेन. आणि त्या बाईला —

हिलाही नातू आहे. फोटो दाखवला. गालावर खळी.

नाही. फिक्रिया गप्प बसली. मी पोर्ट सईदची. मी गप्प बसणारी नव्हे. हिला सांगणार. आता सांगते.

पडद्यावर नावं आली. माझ्याखाली तिचं. सुहैरचं नख बटणावर. म्हणते, दहा दिवस लागतील, नाहीतर हो म्हणू?

निमात हसते आहे. माझ्याकडे बघून म्हणते, दाब गं, नावाचं काय घेऊन

मी तोंड उघडलंय. युम्ना, मी तोंड उघडलंय. सुई पिशवीत ठेवते आणि