पाळण्यातली पाचर

६ एप्रिल, वरठी
काय घडलं ते आधी.
१. पाळणा मी केला. मामांच्या शेडमध्ये, जुन्या पाणपंपाच्या मोटरीवर स्वतः जोडलेल्या, लाकूड कातायच्या लेथवर.
२. टांगायचे चार दांडे: मोडक्या बैलबंडीच्या चाकाचे बाभळीचे आरे, कातलेले. वरची जाड पट्टी: पाडलेल्या राइस मिलच्या चौकटीचं सागवान.
३. मामेभाऊ प्रशांतने तो प्रदर्शनात स्वतःच्या नावाने मांडला. पहिलं बक्षीस.
४. मला पेपरातल्या फोटोवरून कळलं.
५. फोटोत मामाही आहेत. हसत आहेत.

७ एप्रिल
प्र.ला विचारलं. "माह्या नावानं गेलं तं काय झालं? बक्षीस घरातच रायलं ना." मग, "तू तं लोखंड कातणारी. लाकडात काहून घुसून राहिली?"
लेथचा पट्टा काढून पिशवीत टाकला. मोटर जड, शनिवारी आणायची.

९ एप्रिल
बक्षिसाचा पाळणा कुणा साहेबांकडे गेला. म्हणून प्र. आपल्या मुलीच्या बारशासाठी दुसरा करतोय. बारसं रविवारी, १९ला. पट्टा नवा आणला. ड्रॉइंग माझंच, शेडमध्ये राहिलेलं.
आई: "करू दे नं वं. भाऊच आहे."
ड्रॉइंगमध्ये पाचर नाही. ती फक्त या वहीत आहे. दांड्याचं टोक चिरायचं, चिरेत छोटी पाचर अर्धी बसवायची. पट्टीतलं भोक आरपार नाही, आतून किंचित रुंद. टोक ठोकलं की पाचर भोकाच्या तळाला टेकते, टोक आतल्या आत फुलतं, मग सुटत नाही. बाहेरून काहीही दिसत नाही.
तो नुसता गोंद लावेल. बाभूळ, सागवान आणि एप्रिलचं ऊन: दोन लाकडं वेगवेगळी आकसणार, गोंद सुटणार.
बरं वाटलं.

११ एप्रिल
मोटर आणायला गेले. पाळणा तयार. प्र.: "पाह्य, तुह्यापेक्षा साफ झाला."
साफ आहे. नाकारत नाही.
"टोकं कशी बसवली?"
"गोंदानं. कायले पाहिजे तुले?"
"सहज."
मोटर तिथेच विसरले.

१२ एप्रिल
बारशाला बाळाआधी पाळण्यात वरवंटा घालतात. मामींचा वरवंटा काळा, जाडजूड, सहा किलोचा तरी. भोवती बायका, गाणं सुरू, मामा नव्या धोतरात, आणि वरवंटा धाडकन फरशीवर. मग प्र.चं तोंड.
अंदाजावर जायचं नाही. त्याच्यासारखाच गोंदाचा जोड करून पत्र्यावर उन्हात ठेवला.

१३ एप्रिल
कारखान्यात दिवसभर तेच दृश्य. वरवंटा, फरशी, तोंड. कातलेले दोन लोखंडी जॉब रिजेक्ट झाले. माझे कधी होत नाहीत.

१४ एप्रिल, सुट्टी
चाचणी. वरवंट्याचं एका दांड्याच्या वाट्याला येईल तेवढं, दीड किलो वजन टांगलं. धरलं. झोके दिले. शंभर झाले, धरलं. दोनशेनंतर टोक एक मि.मी. खाली. दोनशे चाळीसला सुटलं.
म्हणजे वरवंट्याला धरणार. त्याला चार झोके देतात आणि काढतात. नंतर दुपारी, सगळे जेवायला बसल्यावर, बाळ आत झोपलेलं असताना
वही मिटली होती. परत उघडली.

१५ एप्रिल
पल्लवी वहिनीला, म्हणजे प्र.च्या बायकोला, फोन. बाळाला त्या पाळण्यात घालू नका, एवढंच म्हटलं. माझं काही मागणं जोडलं नाही.
"जळून राहिली का वं तू? इतकीशी पोर आहे, तिच्यावर तरी राग नोको काढू."
मग मामी फोनवर. "चांगल्या कामात नजर लावू नोको, बाई." फोन बंद.
बाळावर माझा राग नाही. प्र.वर आहे, आणि एक मि.मी.ही कमी झालेला नाही.

१६ एप्रिल
मामांना चिठ्ठी, आईच्या हातून. आई म्हणाली, "तुले सुखानं राहता येत नाही का?" पण घेऊन गेली. नक्कल:

मामा,
नव्या पाळण्याचे चारही जोड नुसत्या गोंदावर आहेत, झुलवून सुटतील. माझ्या चाचणीत दोनशे चाळीस झोक्यांना सुटलेला जोड सोबत पाठवते, हातात घेऊन बघा. चारही उघडून पाचरी मी मारून देईन. सकाळी आले तर दुपारपर्यंत होईल. त्या बदल्यात पट्टीवर माझं नाव कोरीन, आणि पहिला पाळणा कुणी केला ते प्रशांतने बारशाला सगळ्यांसमोर सांगायचं.
हे नको असेल तर बाळाला लुगड्याच्या झोळीत घाला. पाळण्यात नाही.
दोन्ही झालं नाही तर रविवारी वरवंट्याच्या आधी मी सहा किलो तांदूळ भरलेलं पोतं घेऊन येईन, पाळण्यात ठेवीन आणि सगळ्यांदेखत दोनशे चाळीस झोके मोजून देईन.
शुक्रवारी, १७ला, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यावं.