हजार किलोमीटर होईपर्यंत

सोमवार, ४ मार्च
नवी मोटारसायकल आणली. पहिले हजार किलोमीटर रनिंग-इन. शोरूमवाला म्हणाला, वेग पंचेचाळीसच्या आत ठेवा, इंजिनाचे पार्ट एकमेकांना सरावू द्या. बायको बहिणीकडे गेली आहे. न विचारता गाडी बुक केली म्हणून. तेवढंच कारण असावं. रनिंग-इन संपलं की आणायला जाईन. तोवर तीही निवळेल. मला काही वाटत नाही.

गुरुवार, ७ मार्च
चाळीसवर गेलो की हँडल थरथरतं, हात बधीर. घरी येऊन शर्टाची बटणं निघेनात. नव्या इंजिनात व्हायब्रेशन असायचंच. बायकोचा फोन आला होता. बोट स्क्रीनवर धड टेकेना, वाजून वाजून बंद झाला. नंतर मीही केला नाही. उगाच विषय वाढला असता.

रविवार, १० मार्च
मेहुणीचा फोन. भाऊजी, ताई रोज वाट बघते, एकदा येऊन जा म्हणाली. मी समजावलं, मध्ये हायवे आहे, नव्या इंजिनाला लांबचा पल्ला सोसत नाही. मग बसने या म्हणाली. दारात नवी गाडी असताना बसने? लोकांना तारतम्य नाही.

बुधवार, १३ मार्च
मेकॅनिक म्हणतो, खुशाल लांब जा, फक्त मध्ये थांबत जा. माणूस भला आहे, पण हल्लीची इंजिनं त्याला कळत नसावीत. त्यापेक्षा बिल्डिंगभोवती फेऱ्या मारून किलोमीटर भरणार. शेजारच्या काकूंनी विचारलं, तुला घाण्याला जुंपलंय का रे? हसलो. हसू आलं नव्हतं.

रविवार, १७ मार्च
संकल्प : रोज दोन तास फेऱ्या. शनिवारी हजार पूर्ण, मग थेट तिच्या पुढ्यात. काय बोलायचं तेही ठरलंय. पहिलं वाक्य तेवढं सुचायचंय.

शनिवार, २३ मार्च, संध्याकाळी ७
हजार पूर्ण!
वर आलो तर कपाटातला तिचा कप्पा रिकामा. तिची किल्ली टेबलावर. काकू म्हणाल्या, दुपारी आली, सामान भरलं, मग बराच वेळ गॅलरीत उभी होती. तू खालून जात होतास. दोनदा हाकसुद्धा मारली तिने.
हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही, वरचं दिसतही नाही, हे मी काकूंना नीट समजावून सांगितलं.
असो. आता गाडी हव्या त्या वेगाने, हवी तितकी लांब नेता येईल.