पुतळीनं पसंत केलेलं मशीन

मुक्काम आणे

चिरंजीव बहिरू यास,

थोरल्या अक्काचे तोंडभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? आमच्या भावजयीची, झुंबरची शुगर आवरली का? (तिला म्हणावं, चहा बिनसाखरेचा आणि सोबत चार पेढे, अशानं शुगर आवरत नसते.) इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणशील, म्हातारी फोन सोडून कागद का खराब करते? तर बाबा, फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला पुष्कळ वाक्यं पुरी करायची आहेत.

आधी आनंदाची बातमी. तुझ्या नातीच्या, संस्कृतीच्या लग्नाला मी येते आहे. नुसती अक्षता टाकायला नाही, राहायला येते आहे! हळदीच्या आधी येणार आणि जागरण-गोंधळ झाल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. मागं तुझ्या धाकट्याच्या लग्नात मी अंगाला हळद तशीच घेऊन मांडवातून माघारी पळाले, तेव्हापासून तू चारचौघांत म्हणतोस की अक्काला भावापेक्षा म्हैस प्यारी. ते मला फार लागलं होतं. पण करणार काय? आमची पुतळी माझ्याशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नाही. मी खाली बसून गाणं म्हटलं की पान्हा सोडते, नाहीतर दूध चोरून उभी राहते, सावकारासारखी. त्या दिवशी तिची कास दगड झाली होती आणि जनावरांचा डॉक्टर आमच्या लेकाच्या, धर्माजीच्या तोंडाकडं बघत होता. म्हणून पळाले. तेव्हापासून माझी एक रात्र बाहेर पडलेली नाही.

या वेळी मी ठरवलं होतं, काही झालं तरी जायचं. सून रत्ना बिचारी माझी शाल पांघरून, माझ्यासारखी खोकून बसली. पुतळीनं तिला वास घेऊन पाहिलं आणि बादलीला लाथ घातली. मग पुण्याहून नात आली, स्नेहल. ती म्हणाली, आज्जे, तुझा आवाजच भरून ठेवू. तिच्याकडं बोटभर माईक आहे, त्याला मांजराच्या पिलासारखी केसाळ टोपी असते. तो गोठ्यात टांगून तिनं एक अख्खी धार भरून घेतली, त्यातलं गाणं तांदूळ निवडावे तसं निवडून काढलं आणि फोनवर लावलं. पुतळीनं रवंथ थांबवला, फोनकडं पाहिलं आणि धर्माजीच्या तोंडावर शेपटी मारली. स्नेहल म्हणाली, फोन आवाज दाबून वाजवतो, आपल्याला हाय-रेझोल्यूशन प्लेअर लागेल. (मी म्हटलं, शुभकार्याला जायचंय गं, 'हाय' कशाला म्हणतेस?)

तर आम्ही आळेफाट्याला गेलो, रूपचंद शेटच्या दुकानात. शेट फार जुने ओळखीचे, आमचा मिक्सरही त्यांच्याकडचाच आहे. त्यांनी विचारलं, कोण ऐकणार? मी म्हटलं, घरचीच आहे एक, कानाची लई तिखट. ते म्हणाले, मग त्यांना आवडतं काय? मी म्हटलं, सरकीची पेंड. शेट क्षणभर रत्नाकडं बघत राहिले आणि रत्ना पंख्याकडं. खुलासा झाल्यावर माणूस असा खूश झाला की काय सांगू! मग मला समजावून म्हणाले, "प्रयागबाई, फोनातलं गाणं म्हणजे साय काढलेलं दूध. आन् ह्या मशीनमधलं धारोष्ण." बहिरू, एवढी शिकलेली नात दोन दिवस आकडे सांगत होती ते शिरलं नाही, हे एका दमात शिरलं.

म्हैस काही फाट्यावर नेता येत नाही, म्हणून शेट स्वतः तीन मशीनं घेऊन संध्याकाळी गोठ्यात आले आणि पालथ्या पाटीवर बसले. धर्माजीला वाटलं, कानात घालून ऐकवावं. त्यानं हेडफोन घेतला, पण म्हशीचे कान आडवे आणि वर शिंगं! शेवटी पुतळीनंच प्रश्न सोडवला, हेडफोनचा एका बाजूचा स्पंज खाऊन टाकला. मग स्पीकर जोडला. पहिलं मशीन लई देखणं, आरशासारखं. त्यातून माझा आवाज असा घुमला की जणू देवळात नगारा बसवलाय. पुतळीनं दावं तोडलं. दुसरं बिनतारेचं, हवेतून वाजणारं. त्यातून मी इतकी गोड गायले की मलाच माझी शंका आली. पुतळीनं ढुंकूनही पाहिलं नाही. तिसरं मशीन विटेएवढं जाड, दिसायला अगदी कुरूप. शेट म्हणाले, हे काही गोड करत नाही, जसंच्या तसं देतं. स्नेहलनं घाईघाईनं तार जोडली आणि लावलं.

बहिरू, माझ्या बांगड्या वाजल्या! माझा पडका दात शिट्टी मारतो तीही आली, बादलीतल्या धारेचा आवाज आला, मधलं माझं बोलणं आलं. पुतळीनं दोन्ही कान पुढं केले, डोळे मिटले, आणि रत्ना खाली बसली तशी दुधाची धार सुटली. बादली भरून फेस वर आला. शेट उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, धर्माजीनं मशीनला हळदकुंकू लावलं आणि मी गोठ्याबाहेर दगडावर बसून, हात मांडीवर ठेवून, दुसऱ्याला धार काढताना पाहत राहिले. किती वर्षांनी! आता मी मोकळी आहे. मंचरला उतरून भीमाशंकरच्या गाडीत बसेन. स्टँडवर कोणाला तरी पाठव, म्हणजे लोकांनाही दिसेल की अक्का आली.

तुझी थोरली,
प्रयाग

ता. क. पत्र बंद करत होते तोवर रत्ना पळत आली. तिनं आज सकाळी तेच तिच्या जुन्या फोनवर लावलं आणि पुतळीनं तेवढंच दूध दिलं. म्हणजे मशीनचा काही गुण नव्हता. तिसऱ्या वेळी स्नेहलनं चुकून न निवडलेलं, सबंध लावलं होतं. पुतळीला माझं गाणं नकोच असतं, मधलं बोलणं हवं असतं. शेटना हे सांगू नकोस. आणि मशीन मी परत करायची नाही. काल कानात घालून ऐकलं, मी बरी गाते.

आणखी ता. क. मधलं बोलणं कशाचं, हे लग्नात शेट तुला सांगतीलच (त्यांची नवरदेवाकडं ओळख आहे), म्हणून मीच सांगते. ते तुझ्याबद्दल आहे. "दिवाळीला भावानं लुगडं दिलं, पहिल्या धुण्यात रंग वढ्याला गेला आन् चिंध्या मला ऱ्हायल्या," असं सुरू होऊन पुढं झुंबरवर जातं. मी तिकडं असेपर्यंत रत्ना ते दोन्ही वेळा गोठ्यात मोठ्यानं लावणार. सगळं आणे ऐकणार. तरी राग मानू नकोस, आणि यंदा बोळवणीचं लुगडं घ्यायला झुंबरला न पाठवता तू जा. काठ रुंद, रंग पक्का. पण अगदीच निर्दोष नको, एखादा धागा सैल असू दे. पुतळीची पारडी मोठी होते आहे, तिच्यासाठी मला नवं काहीतरी बोलायला लागेल.