मालदीवमधला आग्रह

आई,

शिसमाचा देव्हारा, एकही खिळा न ठोकता. पितळी कड्यांचा झोपाळा, चार माणसं बसली तरी न करकरणारा. पंगतीसाठी सागाचे पाट, सगळे एका उंचीचे, कुणी सूतभर फरक काढून दाखवावा. तुझ्या सुनेसाठी स्वयंपाकघरातली मांडणी, तिचा हात पोचायचा तेवढ्याच उंचीवर. तुझ्या नातीचं अभ्यासाचं टेबल, त्याचा खण अजून एका बोटानं सरकतो. आणि सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, ज्यातली हल्ली एकच खुर्ची झिजते. हे सगळं तू गेल्यावर केलं, या दोन हातांनी, कुणाच्या हाताखाली एक दिवसही न शिकता. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात माझ्या हातांना काहीच काम नव्हतं.

तुझी नात लग्नानंतर दुबईला असते. तुझी सून गेल्यापासून तिचा रोज फोन येतो आणि रोज पहिला प्रश्न तोच, "बाबा, जेवलात?" या थंडीत तिनं ठरवलं की मला मालदीवला न्यायचं. समुद्राच्या मधोमध हॉटेल. एकदा पैसे भरले की राहणं, खाणं, पिणं, होडी, सगळं त्यातच आलं. "सब इन्क्लूडेड है बाबा, तुम्ही फक्त या." नुसतं फिरवायला ती मला एवढ्या लांब नेत नव्हती, हे मी ओळखून होतो. तिला मला काहीतरी विचारायचं होतं. काय, तेही मला ठाऊक होतं. म्हातारपण एकट्यानं काढायचं की लेकीच्या घरी, हाच तो प्रश्न, आणि मी तो ऐकायला निघालो होतो. सुतारकामाच्या दुकानाला कुलूप लावताना शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "क्यों दादा, समंदर देखने जा रहे हो कि नापने?" ग्वाल्हेरचं अख्खं जयेंद्रगंज मला ओळखतं ते असं.

समुद्र मात्र खरंच मापात न बसणारा निघाला. आपल्याकडे निळा म्हणजे एकच रंग. तिथं काठाशी काचेसारखं पाणी, मग मोरपिशी, मग एकदम शाईसारखं. पहिल्या संध्याकाळी मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आणि तू पाहिजे होतीस असं वाटलं. तू चंबळच्या पुलावरून गाडी गेली तरी हात जोडायचीस. खोली पाण्यात रोवलेल्या खांबांवर, लाकडाची. दार मात्र बिजागरीत उतरलेलं, खाली घासायचं. मी काउंटरवर जाऊन पेचकस मागितला. पेचकसाच्या ऐवजी तीन माणसं आली, माफी मागितली आणि माझी खोलीच बदलून दिली. तुझी नात कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, प्लीज! तुम्ही सुट्टीवर आहात." मनगटावर त्यांनी निळा पट्टा बांधला होता, न निघणारा. तो दाखवला की काहीही मिळतं. तसला पट्टा मी याआधी एकदाच पाहिला होता, दवाखान्यात, तुझ्या सुनेच्या हाताला. हे मी लेकीला बोललो नाही. तिनंही तो पाहिला असेलच.

आता जेवणाचं ऐक. आपल्या मंगल कार्यालयाहून मोठं दालन, आणि भिंतीला लागून नुसतं अन्नच अन्न. लेक आणि बरोबर आलेला जावई आपापल्या थाळ्या घेऊन पांगले. एका टेबलामागे उभ्या मुलीनं गरम काहीतरी चिमट्यात धरून मला विचारलं. मी हसून हात हलवला, नको. ती हसली, आणि तिची नजर माझ्या मागच्या माणसाकडे गेली. झालं! पुढच्या टेबलावर तेच, त्याच्या पुढच्यावर तेच. थाळीत डाव-दोन डाव भात आणि वरणासारखं काहीतरी, एवढं घेऊन मी परत आलो. जावई म्हणाला, "पापा, बस इतना सा?" मी म्हटलं, भूक नाही. मग खोलीत जाऊन लेकीसाठी नेलेल्या तीळगुळाच्या गजकेचा पुडा फोडला आणि अर्धा संपवला. पोटभर खायचे पैसे भरून, आई, तुझा मुलगा दोन दिवस उपाशी राहिला.

हा दोष तुझाच. मी सात-आठ वर्षांचा असेन. बाबा तेव्हा बिर्लानगरला मिलमध्ये, आणि बाड्याजवळच्या एका सरदारांकडे मुंजीचं जेवण. यजमानीण बाई जिलेबी घेऊन आल्या आणि मी पहिल्याच हाकेला पान पुढं केलं. घरी आलो. तू स्टोव्हला पंप मारते आहेस, पाठ माझ्याकडे, आणि पाठमोरीच म्हणतेस, "पहिल्यांदा विचारतात ती रीत. दुसऱ्यांदा विचारतात ते मन. आपण रीतीचं खात नाही, कळलं?" कळलं. इतकं कळलं की जन्मभर पहिल्या वेळी तोंडातून दुसरा शब्दच निघाला नाही. आणि तुझ्याकडे ते चालायचं गं, कारण माझं "नको" पूर्ण व्हायच्या आत पोळी पानात पडलेली असायची. शाळा सुटली त्या वर्षी त्याच स्वयंपाकघरात तू पदराखालून गिरमिट काढलंस, नवं कोरं, लाकडाला भोकं पाडायचं. मिल तेव्हा बंद पडायच्या बेतात होती. मी नको म्हटलं. तू माझी मूठ उघडलीस, त्यात ते ठेवलंस, वरून दाबलीस. "घे म्हणते ना." माझं सगळं शिक्षण तेवढंच, त्या तीन शब्दांचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस भेटला. बांगलादेशी, माझ्याच वयाचा, पुऱ्या तळत होता. विचारलं, मी नको म्हटलं. त्यानं झारा खाली ठेवला. "क्यों नहीं? मेरे हाथ का बुरा है क्या? एक तो लीजिए, दादा." एक घेतली. "एक से क्या होता है, रिश्ता टूटता है." दोन घेतल्या. मग चार. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचं नव्हतं, पुरीबरोबरची भाजी तर गोडसरच होती. तुझी नात खूश झाली, "अरे वा, बाबांना भूक लागली!" त्या दिवशी आम्ही दोघंच काठाकाठानं बेटाची अख्खी प्रदक्षिणा केली. तिनं चपला हातात घेतल्या, माझ्याही घेतल्या. तिची आई कशी रिक्षावाल्याशी भांडायची त्याची नक्कल केली, आणि आम्ही वाळूत बसून पोट दुखेपर्यंत हसलो. एवढा एक दिवस पूर्ण पैसे वसूल. दुसऱ्या दिवशी पुरीवाल्याच्या जागी दुसराच कुणी होता, आणि तो एकदाच विचारायचा.

शेवटच्या दुपारी लेकीनं विचारलं. आम्ही छत्रीखाली आडवे होतो, ती माझ्याकडे न बघता समुद्राकडे बघत बोलत होती. तिला भीती वाटत होती हे मला कळत होतं. "बाबा, आमच्याकडे राहायला या. कायमचे." मी म्हटलं, "नको गं. माझं तिथं चाललंय छान." मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "ठीक आहे. मी ज़बरदस्ती नाही करणार, तुमची मर्ज़ी." केवढ्या समजुतीनं म्हणाली! दुसऱ्याच्या नकाराचा मान राखायचा हे तिला शाळेनं शिकवलं, ऑफिसनं शिकवलं, आणि मीही शिकवलं असेल. तुझी रीत तेवढी शिकवायची राहिली. ती सरबत आणायला उठली. परत आली तेव्हा विषय संपलेला होता, आणि तिच्या चेहऱ्यावर मला जरा सुटकाही दिसली. ती सुटका माझ्यापासून होती की माझ्या उत्तराच्या धास्तीपासून, हे कोण सांगणार.

ग्वाल्हेरला धुकं आहे. मी दुकानात बसून हे लिहितोय, हीटर पायाशी. फोन रोज येतो. "जेवलात?" "जेवलो." त्यानंतर मी मुद्दाम जरा थांबतो, तिला काही म्हणायचं असलं तर जागा राहावी म्हणून. ती म्हणते, "चला, ठेवते." हे तुला पाठवायची सोय नाही, आणि जिला पाठवता येईल तिला मी पाठवणार नाही, ‘दुसऱ्यांदा विचार’ असं आपणच सांगून विचारायला लावलं, तर ते दुसऱ्यांदा धरत नाहीत. तुला म्हणून सांगतो, मालदीवला जायच्या आदल्या दिवशी मी सगळ्या रंध्यांना, पटाश्यांना तेल लावून, कापडात गुंडाळून पेटीत भरलं होतं. चार दिवसांच्या सहलीला कुणी तसं भरत नाही. पेटी अजून उघडलेली नाही.

आणि परत आल्यावर चष्मेवाल्याकडून कळलं, तिनं सगळी तयारी करून विचारलं होतं: तिच्या घरातली बाल्कनीची खोली, तिथंच एका कोपऱ्यात माझ्या हत्यारांना जागा, आणि इथलं दुकान चष्मेवाल्याला विकायचे, त्याच्याशी तिनं परस्पर ठरवलेले, बेचाळीस लाख रुपये.