उजव्या हातातलं काडतूस

मरीन परेड, सिंगापूर
११ जानेवारी २०२५

ती. आक्कांस,
संजीवनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तिळगुळाची पुडी संक्रांतीच्या आधीच पोचली. कस्टमवाल्यांनी ती उघडून पुन्हा चिकटवली होती, पण एकही वडी कमी नव्हती. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तुमच्याआधी तुमचे चिरंजीव बाळू वाचतात, म्हणून बातमी कागदावरच कळवते.

तुमचे धाकटे बंधू शिकारीला निघालेत. न्यूझीलंडला, मार्चअखेर. तिकडे तांबडी हरणं पूर्वी बाहेरून आणून सोडली, ती बेसुमार वाढली, म्हणून मारायला परवानगी आहे, हे प्रबोधनं मला दोनदा समजावलं. या एप्रिलमध्ये आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात, तेव्हा ही म्हणे माझी सहल. छापील पत्रकात ‘शिकार न करणाऱ्या जोडीदारासाठी’ वेगळा कार्यक्रम आहे: लॅव्हेंडरचं शेत, चीजचा कारखाना, गरम पाण्याची कुंडं, मसाज. वाचून वाटलं, कामावर जाताना मूल पाळणाघरात सोडावं, तशी मला सोडणार. गार्गीला हॉस्टेलवर फोन केला, तर ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, आई जा ना लाह, फुकट स्पा मिळतोय तर कुरकुर कसली.

माझी हरकत नाही. नवल एवढंच वाटतं, की बारा वर्षं इथल्या रायफल क्लबात कागदावर नेम धरणारा माणूस ऑक्टोबरपासून तिकडे फिरकलेला नाही. खरं हरीण समोर येणार आणि यानं सराव सोडलाय. विचारलं तर ऑफिसचं काम म्हणतो.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहे तेवढा पुरतो, तरी थोडा जास्तच असू द्यावा.

आपली,
संजीवनी


आजरा
२७ जानेवारी २०२५

चि. प्रबोध यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

संजीवनीच्या पत्रातून बेत कळला. तू कळवलं नाहीस, ते मी लक्षात ठेवलंय. दिवाळीचं तुझं पत्र मात्र मी भिंग घेऊन वाचलं. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं झालंय, आणि ओळ संपता संपता मुंग्याही दमलेल्या दिसतात. सिंगापुरात कागद महागला का? पाटीवर तुझं अक्षर मीच गिरवून घेतलेलं, म्हणून हक्कानं विचारते.

शिकारीचं वेड तुला माझ्याच गोष्टींनी लावलं. आबांची बंदूक तू फक्त पुसताना पाहिलीस. मी रानडुक्कर घेऊन परतलेले आबा पाहिलेत. बाहत्तरात शिकारबंदीचा कायदा आला, बंदूक खुंटीवर गेली आणि पुढं फक्त तेल खात राहिली. आबांनी आईला तिला कधी हात लावू दिला नाही. ती त्या खुंटीखालून जाताना पदरसुद्धा आवरून घ्यायची. तुझ्या बायकोच्या नशिबी निदान मसाज आहे. आईच्या वाट्याला शिकारीतला फक्त पाटा-वरवंटा आला.

पाडवा तीस मार्चला आहे. त्या दिवशी जीव घेऊ नकोस. पुढचं पत्र ठसठशीत अक्षरात येऊ दे.

तुझं भलं चिंतणारी,
आक्का


मरीन परेड, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
प्रबोधचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या मुंग्यांचं कारण कळवतो. हे पत्र बसल्यावर वाच.

नोव्हेंबरात मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. पार्किन्सन आहे. सुरुवात आहे, उजव्या हातापुरती. अक्षर लहान होत जाणं हे त्याचंच एक लक्षण. ते डॉक्टरांनी विचारून काढलं, तू नुसत्या पत्रावरून ओळखलंस. गोळ्या चालू आहेत. बरीच वर्षं नीट जातील म्हणतात, पण हात कुठवर साथ देईल ते कुणी लिहून देत नाही. म्हणून यंदाच शिकार. डॉक्टरांना विचारलंय, तिथल्या गाइडलाही कळवलंय. दोघांची ना नाही.

संजीवनीला अजून सांगितलेलं नाही. ती नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर असेच हात हातात घेऊन बसते. मी मुद्दाम लांबच्या डॉक्टरांकडे गेलो. घरी आल्यावर तिला आणखी एक पेशंट नको. आधी सांगितलं तर ती मला बंदूक धरू देणार नाही, आणि धरू दिली तर माझ्याकडे बघत बसेल. हरीण झालं की तिथल्या हॉटेलाजवळच्या तळ्याकाठी बसून सांगेन. पंचविसाव्या वर्षाची भेट फारशी बरी नाही, पण दुसरी वेळ सुचत नाही.

तू तिला काही कळवू नकोस. तुला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तिनं काही विचारलंच तर तुझ्या गुडघ्याचा विषय काढ.

तुझ्या आशीर्वादावर हक्क सांगणारा,
प्रबोध


मरीन परेड, सिंगापूर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कांस,
संजीवनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

चिनी नवं वर्ष उरकलं, लिफ्टजवळची संत्र्यांची झाडं हलली, सेरंगून रोडवरून तुमच्यासाठी काळी वेलची आणून ठेवलीय. जे लिहायचंय ते टाळण्यासाठी हे सगळं लिहितेय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

प्रबोध टीव्ही बघत बसला, की त्याचा उजवा हात मांडीवर असतो आणि अंगठा तर्जनीवर फिरत राहतो, बसल्या जागी वाती वळाव्यात तसा. गणपतीपासून बघतेय. हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर खायला गेलो की कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप डाव्या हातात आणि उजवा हात खिशात. आमच्याकडे असे हात रोज येतात आक्का, मला रिपोर्ट बघावा लागत नाही. तोही डॉक्टरांना भेटून आलेला असणार. एका शनिवारी ऑफिसला म्हणून गेला आणि परत आला तो फार गोड बोलत होता.

मी विचारलेलं नाही. मी आधी बोलले तर त्या क्षणापासून फिजिओथेरपिस्ट होईन. त्यानं आपणहून सांगितलं तर बायको राहीन. म्हणून वाट बघतेय. पण तिथं जाऊनही त्यानं सांगितलं नाही, तर मी खाली मसाजाच्या टेबलावर आणि तो वर डोंगरात तो हात घेऊन, अशी आमची सहल व्हायची. त्याहून भीती पुढची वाटते. परत आल्यावरही एका घरात दोघं असेच राहू, तो लपवत आणि मी न बघितल्यासारखं करत. अशी घरं मी पाहिलीत.

त्याला यातलं काही लिहू नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तेव्हा त्यानं विचारलं तर सरळ गुडघ्याचं रडगाणं लावा.

तुमच्याशिवाय हे कुणाला लिहिणार, असं वाटणारी,
संजीवनी


आजरा
२६ फेब्रुवारी २०२५

चि. प्रबोध यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बसूनच वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही. गुडघा बरा आहे.

एक घरची रीत मात्र तुला कळवायची राहिली. तू लहान होतास, तुला आठवणार नाही. आपल्या घरातला पुरुष शिकारीला निघाला, की पहिलं काडतूस घरच्या बाईच्या हातून घेतो. ते उजव्या हाताच्या उघड्या तळव्यावर घ्यायचं. लगेच मूठ मिटायची नाही. बाईनं त्या हाताकडे बघून झालं म्हणायचं, मग मिटायची. त्याशिवाय आबांनी उंबरा ओलांडला नाही. डाव्या हाताला घेतलेलं काडतूस अपशकुनी.

तेव्हा संजीवनीला त्या दिवशी खाली हॉटेलात ठेवू नकोस. निघायच्या जागेपर्यंत बरोबर ने. ही रीत कळवणारं दुसरं पत्र तिलाही टाकलंय. दोघंही शिकलेले आहात, हसाल. हसा, पण रीत मोडू नका. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही, हे मागते.

पोचल्यावर खुशाली कळव.

आक्का


मरीन परेड, सिंगापूर
९ एप्रिल २०२५

ती. आक्कांस,
संजीवनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा परतलो. पाडवा तळ्याकाठच्या हॉटेलात केला. चालायच्या काठीला माझी ओढणी बांधली, वर कॉफीचा मग उलटा घातला. कडुलिंब मिळाला नाही, पण तिथली कॉफी पुरेशी कडू होती.

दोन एप्रिलला उजाडताना आम्ही डोंगरातल्या लाकडी खोपीवर होतो. समोरच्या उतारावरून नर ओरडत होता. माजाचे दिवस, हंबरडा आणि घोरणं यांच्या मधला तो आवाज. गाइड साठीचा शांत माणूस आहे. त्याला तुमची रीत सांगितली तर त्यानं टोपी काढली आणि बाजूला उभा राहिला.

काडतूस माझ्या बोटापेक्षा लांब होतं. प्रबोधनं डावा हात पुढे केला. ‘आक्कांचं पत्र आठवतं का?’ असं मी विचारलं. मग जॅकेटच्या खिशातून उजवा हात निघाला. तळव्यावर काडतूस ठेवलं आणि ते त्याच्या अंगठीवर आपटून टिकटिक वाजायला लागलं. मला झालं म्हणता येईना. तो हात मागेही घेईना. तो आवाज आम्हा तिघांनाही ऐकू येत होता.

शेवटी त्यानं आजाराचं नाव घेतलं. मी त्याची मूठ मिटली आणि गणपतीपासून माहीत असल्याचं सांगितलं.

पुढचं फार देखणं नाही. मी इतके महिने त्याला पेशंटसारखी न्याहाळत होते, याचा त्याला राग आला. परक्या डॉक्टरला सांगितलं आणि मला नाही, याचा मला आला. त्या ओसरीवर आम्ही मराठीत मनसोक्त भांडलो. पंचवीस वर्षांत इतकं मोठ्यानं नाही भांडलो, फ्लॅटच्या भिंती पातळ असतात. गाइडनं दोनदा चहाचं आधण ठेवलं. आम्ही थांबलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि समोरचा उतार गप्प होता. गाइड म्हणाला, नर खिंडीपलीकडे गेला, त्याला बहुधा मराठी कळत असावं. आधी मला हसू आलं, मग रडू. प्रबोधचं उलट्या क्रमानं झालं.

दुसऱ्या दिवसाचं तो लिहील. मी सोमवारपासून कामावर. त्याच्या व्यायामासाठी माझ्याऐवजी आमच्यातल्याच एका सहकाऱ्याला नेमलंय. घरी मी त्याच्याशी नुसती बोलते.

अशीच लांबून नजर असू द्यावी.

आपली,
संजीवनी

ता. क. सासूबाईंनी मला एकदा सांगितलं होतं, की त्यांनी जन्मात बंदुकीला हात लावला नाही. तेव्हा ती रीत कुठून आली, हे मी तुमचं पत्र आलं त्याच दिवशी ओळखलं. प्रबोधला सांगू नका, त्याची फार श्रद्धा बसलीय.


मरीन परेड, सिंगापूर
१० एप्रिल २०२५

ती. आक्कास,
प्रबोधचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

भांडणाचा वृत्तांत तुला मिळालाच असेल. माझी बाजू त्यात आली नसेल, पण आता ती मांडायचाही आग्रह नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेलो, तिघंही. संजीवनी माझ्या मागे गवतात बसली. बंदूक गाइडच्या पिशवीवर टेकवली होती. नर दिसला आणि हात थांबला. डॉक्टर म्हणालेच होते, की काम दिलं की हा हात शहाणा होतो, रिकामा बसला की वळवळतो. तेच काडतूस घातलं होतं. एकाच गोळीत झालं. आनंद झाला का विचारशील, तर झाला. जवळ जाऊन पाहिल्यावर थोडा कमी झाला. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहितो. मांस गाइडच्या शेजारपाजारी गेलं. शिंगं आणली नाहीत. संजीवनी म्हणाली, लावलीस तर पुसायची तूच.

उरलेले दिवस मी ‘शिकार न करणाऱ्या जोडीदारा’च्या कार्यक्रमात घालवले. लॅव्हेंडर केव्हाच कापून झाला होता, आम्ही रिकाम्या शेताचे फोटो काढले. मसाजात मी झोपलो.

आता एक. आबा आईला खुंटीजवळ फिरकू देत नसत, हे तूच जानेवारीत लिहिलं होतंस. फेब्रुवारीत विसरलीस. एकोणसत्तराव्या वर्षी खोटं बोलायला शिकलीस आक्का, आणि पहिल्याच वेळी निभावलंस. संजीवनीला सांगू नकोस. ती रीत तिनं फार मनावर घेतलीय.

तुझा,
प्रबोध


आजरा
२६ एप्रिल २०२५

चि. प्रबोध आणि चि. सौ. संजीवनी,
दोघांना मिळून आशीर्वाद.

पत्र एकच आहे, पाकीटही एकच. शेजारी बसून वाचा.

दोघांची पत्रं एकाच दिवशी पोस्टमननं आणून दिली. दोघांनीही एकच गोष्ट लिहून ती दुसऱ्याला सांगू नका म्हणून बजावलंय. ती कोणती, ते आता एकमेकांना विचारा. मी गुडघ्याचा विषय काढणार नाही. तुमची गुपितं ठेवून ठेवून तो खरंच दुखायला लागलाय.

संजीवनी, वेलची बाळूच्या तिकडून येणाऱ्या मित्राबरोबर पाठव. प्रबोध, गोळ्या वेळेवर घे.

यापुढे मला वेगवेगळी पत्रं नकोत. एकाच कागदावर दोघांनी लिहा. प्रबोधनं उजव्याच हातानं लिहायचं. अक्षर कितीही लहान आलं तरी चालेल, माझ्याकडे भिंग आहे.

तुमची,
आक्का