पांदणीतली वांगी

प्रिय राधिका,

फोनच करणार होतो, पण मी फोनवर बोलायला लागलो की तुझी आई स्वयंपाकघरातून उत्तरं देते. म्हणून अमरावतीला पत्र पाठवतोय. डोकं चक्रावलंय, पोरी. तू वकिलीचं शिकतेस, तूच काय तो उलगडा कर.

तुझ्या आईला सरपंचपदाला उभं कुणी केलं? मी. ती तर नकोच म्हणत होती. घटनेत त्र्याहत्तरावी दुरुस्ती झाली म्हणून गावोगावच्या बायांना ही खुर्ची मिळाली, असं तू सांगितलं होतंस. मी मनात म्हटलं, मिळू दे. नाव पंचफुलाचं, कारभार भगवंतरावांचा. पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीत तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर खुर्ची तिथं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना बसायला म्हणून तिनं ती समोर मांडली होती. मला म्हणाली, "काम असन तं बसा, नाहीतं मेथी उपटा." मी आपला मेथी उपटायला आलो.

तेही पचवलं. पण मग ती इंझोरीची पांदण मोकळी करायला निघाली. शेतात जायची ती वाट दोन्ही बाजूंच्या शेतांच्या बांधांनी, धुऱ्यांनी खाल्ली होती, बैलगाडीही जात नव्हती, हे खरं. पलीकडच्या सेवालालच्या बायकोला बाळंतपणाला खाटेवरून न्यावं लागलं, हेही खरं. पण सुरुवात कुठून करावी? आपल्याच मळ्यापासून! ऐन फुलावर आलेल्या वांग्यांच्या दोन ओळी गेल्या आणि मी सगळ्या गावासमोर कुंपणाची तार धरून उभा. दुरुस्त्यांनी माणसाचे हक्क वाढले म्हणतेस, मग माझी वांगी कमी कशी झाली? चेष्टा करत नाही, मला खरंच कळत नाही.

आता आपलाही धुरा जाणार म्हणून बाकीचे बिथरले. सदस्यांनी अविश्वास ठराव आणून मंजूरही केला. सोमवारी ग्रामसभेत त्यावर गुप्त मतदान आहे. गावानं हो म्हटलं की तुझी आई घरी. परवा उपसरपंच मदनसिंग सांबार-कोथिंबिरीची जुडी घ्यायच्या निमित्तानं मळ्यात आला नि म्हणाला, "भगवंतराव, वांगी तं तुमचीच गेली ना बाप्पा. तुमी तं आमच्याच कडून." मी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. खरं सांगू? ती घरी यावी असं मला वाटतं. तिच्यावाचून मळ्यात करमत नाही. आणि काल सेवालालची गाडी त्याच वाटेनं खडखडत गेली तेव्हा माझी छाती कशानं फुगली, तेही कळत नाही.

ती मात्र माझ्याकडे मत मागायला येतच नाही! सगळं गाव पालथं घातलं, घर सोडून. शेवटी मीच विषय काढला, तर म्हणे, "तुमचं मत तुमचं हाय. मले कायले सांगता?" लग्न झाल्यापासून दर निवडणुकीला मतदानाच्या रांगेत मी तिला चिन्ह सांगत आलो आणि ती मान डोलवायची. आता पहिल्यांदाच मनात आलं, ती खरंच तेच बटण दाबत होती का? विचारायचीही सोय राहिली नाही.

आता पत्राचं कारण. तुझं नाव गावच्या यादीत लागलंय. माझ्या थोरल्या भावाला मतासाठी एकविसापर्यंत थांबावं लागलं. तुला एकसष्टाव्या दुरुस्तीनं अठरालाच मिळालं. सोमवारी ये. मत कुणाला द्यायचं ते मी सांगणार नाही, तेवढं शिकलोय. पण गुप्त मतदानात कुणी बघत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते. चिठ्ठी हातात असताना वांगी आठवली तर? म्हणून तुला लिहून ठेवतोय: माझं मत तुझ्या आईच्या बाजूनं. आता तुला माहीत आहे, म्हणजे मला फिरता यायचं नाही. तिला मात्र सांगू नकोस. तिनं विचारलेलं नाही.

तुझाच, गोंधळलेला
बाबा